‘१००० वॅट’चा लाइट, मुळं नसलेला जुनिपर आणि माझे ४९,७५० रुपये

घरात बंद तंबूत, कृत्रिम दिव्यावर बोन्साय वाढवायचं सामान इन्स्टाग्रामवरच्या एका विक्रेत्याकडून घेतलं आणि फसलो; रक्कम आधीच सांगून टाकतो. तंबू ९,५००. लाइट १४,५००. एक्झॉस्ट पंखा आणि कार्बन फिल्टर ६,८००. ‘बारा वर्षांचा’ जुनिपर (सूचिपर्णी झाडाचा बोन्साय) ८,५००. ‘जपानी अकादामा’ माती १० लिटर, ३,०००. टायमर आणि आर्द्रतामापक १,७००. जोडणी आणि प्रवास २,८००. झाले ४६,८००. त्यातले निम्मे, म्हणजे २३,४००, आधी यूपीआयने आणि उरलेले २३,४०० जोडणी झाल्यावर त्याच नंबरवर. पुढे लाइटचा ‘ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारा डबा) बदलावा लागेल’ म्हणून आणखी २,९५० घेतले. तो ड्रायव्हर आजतागायत आलेला नाही.

लाज वाटते ती या गोष्टीची की बोन्साय मला नवीन नाही. वड, नांद्रुक, जेड यांना तार कशी घालायची, मुळं किती छाटायची हे हाताला माहीत आहे. नवीन होता तो ग्रो टेंट, म्हणजे हा तंबू, आणि त्याचा लाइट. शेजारी टॉवर उभा राहिला आणि गॅलरीतलं ऊन सकाळी साडेनऊलाच संपायला लागलं, तर माणूस काय करणार? वड-नांद्रुकासारख्या फायकस जातीच्या झाडांना आणि जेडला तंबूत कृत्रिम प्रकाशावर वाढवता येतं, जगभर लोक वाढवतात. कल्पनेत काही चूक नव्हती आणि आजही नाही, हे मी ठामपणे सांगतो.

धंद्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे: इन्स्टाग्रामवर सुंदर फोटो, व्हॉट्सअॅपवर गोड बोलणं, ‘ऑफर आजच संपते’, बिलाऐवजी ‘एस्टिमेट’. ते उगाळत बसत नाही. हा माणूस वेगळा यासाठी की त्याला विषय येत होता. नेबारी, जिन, शारी हे बोन्सायचे जपानी शब्द तो सहज वापरायचा. त्याने सांगितलेला जवळजवळ प्रत्येक नियम बरोबर होता, आणि त्या बरोबर नियमाच्या आडूनच त्याने माल खपवला.

आधी लाइट. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘१००० वॅट’. मी त्याला विचारलं, दिवसाला चौदा तास लावला तर चौदा युनिट होतील, महिन्याला ४२०, बिल कसं परवडणार? तो म्हणाला, “सर, एलईडी आहे, बिल जाणवणारच नाही.” इथे मी थांबायला हवं होतं. अहो, वॅट म्हणजेच तर बिल! १००० वॅटचा दिवा तासाला एक युनिट खाणारच, मग तो एलईडी असो नाहीतर इस्त्री. जो खात नाही तो १००० वॅटचा नाही. शाळेतलं गणित आहे हे. मी मान डोलावली आणि पैसे पाठवले.

जोडणीच्या दिवशी त्याने फोनवरच्या लक्स अॅपने प्रकाश मोजून दाखवला. फोन दिव्याखाली बरोबर मधोमध, जेमतेम वीतभर अंतरावर धरला. आकडा आला ५०,०००. मी खूश. पण झाडाचा शेंडा दिव्यापासून वीतभर अंतरावर ठेवतच नाही कोणी. नंतर मी ४५ सेंटीमीटरवर मोजलं: मध्यभागी १४,०००, कोपऱ्यात ४,०००. मग ९०० रुपयांचा प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर आणला. त्यावर आकडा आला ९६. शहाण्णव वॅट! दिव्याच्या मागचं चकचकीत स्टिकर नखाने उचललं, तर खाली मूळ लेबल होतं आणि त्यावर इनपुट १०० वॅट असं स्वच्छ छापलेलं होतं. स्टिकरवर स्टिकर चिकटवलं होतं. जोडताना दिवा माझ्याच हातात होता, उलटा करून बघायला दहा सेकंद लागली असती.

दिवा घेताना वॅट विचारूच नका, किंवा विचाराल तर प्रत्यक्ष प्लगवरचे विचारा. खरा प्रश्न पीपीएफडीचा: झाडाच्या उंचीवर, प्रत्येक चौरस मीटरवर, सेकंदाला किती मायक्रोमोल (प्रकाशकण मोजायचं एकक) प्रकाश पडतो. पांढऱ्या एलईडीखाली लक्सला साधारण ६५ ते ७० ने भागलं की अंदाज येतो (जांभळ्या दिव्याखाली हा हिशोब लागू पडत नाही, तिथे लक्स अॅप साफ खोटं बोलतं). माझ्याकडे मध्यभागी सुमारे २००, कोपऱ्यात सुमारे ६०. याला ३,६०० ने आणि तासांनी गुणून दहा लाखांनी भागा, म्हणजे दिवसभराचा प्रकाश मोलमध्ये मिळतो. चौदा तासांत मध्यभागी १०, कोपऱ्यात ३. फायकसची पेरं आखूड आणि पानं लहान ठेवायची असतील तर माझा आग्रह दिवसाला किमान १५ मोलचा, म्हणजे चौदा तास ३०० मायक्रोमोल. ४०० मिळाले तर २० मोल होतात आणि झाडं खूश असतात. कोपऱ्यातल्या नांद्रुकाने दीड महिन्यात काय केलं? दोन पानांमधलं अंतर बोटभर झालं, पानं हाताएवढी, आणि आतल्या बारीक फांद्या एकेक करून पिवळ्या पडून गळाल्या. तीन वर्षांची छाटणी पाण्यात गेली. त्याची किंमत वरच्या हिशोबात धरलेली नाही.

आणि संताप याचा की १००० वॅटची गरजच नव्हती. माझा तंबू १२० बाय ६० सेंटीमीटरचा, म्हणजे ०.७२ चौरस मीटर. चौरस मीटरला ४०० मायक्रोमोल हवेत तर एकूण २८८. चांगला एलईडी दिवा (बोर्ड) एका वॅटमागे अडीच मायक्रोमोल देतो, म्हणजे ११५ वॅट. भिंतींवर वाया जाणारं धरून खरा १५० वॅटचा बोर्ड भरपूर झाला. हे गणित कागदाच्या पाठीवर होतं. मी ते पैसे गेल्यावर केलं.

त्या दिव्याला दोन पिनांचा प्लग होता, अर्थिंग नाही. टेस्टर लावला तर अॅल्युमिनियमच्या चौकटीवर टेस्टरचा दिवा पेटला. ओल्या कुंड्यांच्या वर लोंबकळणारी चौकट आहे ही! तीन पिना आणि अर्थिंग नसेल तर दिवा परत करा, चर्चा नको. ड्रायव्हरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरो) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. ड्रायव्हर तंबूच्या बाहेर टांगा, वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये शिरत नाही, आणि घरात आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवा, तंबू नंतर.

आता जुनिपर. याबद्दल मी स्वतःला माफ करू शकत नाही.

झाड दिसायला देखणं होतं. उथळ निळी कुंडी, खोडाला बाक, डाव्या फांदीवर तांब्याच्या तारेचे दोन वेढे, वर बारीक पांढरे खडे. खोडाला हात लावला तर ते हललं. थोडंसंच, पण कुंडीत हललं. तो लगेच म्हणाला, “सर, आत्ताच रिपॉट केलंय, महिनाभर हलवू नका, बारीक मुळं तुटतील.” रिपॉट म्हणजे कुंडी-माती बदलणं; वाक्य अगदी बरोबर आहे. मी स्वतः हे दहा जणांना सांगितलं असेल. पण नुकतं रिपॉट केलेलं झाड कुंडीला तारेने बांधलेलं असतं, तार खालच्या भोकांतून आरपार जाते, आणि ती बांधतात ती झाड हलू नये म्हणूनच. म्हणजे नुकतं रिपॉट केलेलं झाड तर मुळीच हलता कामा नये. कुंडी उचलून खाली बघायचं होतं. खाली ना तार होती ना भोक. मी हात मागे घेतला, कारण मला मुळांची काळजी वाटली. मुळं नव्हतीच.

जुनिपर मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवा दिसतो, यावरच ही सगळी विक्री चालते. कापलेली फांदी मातीत खोचायची, वरचे खडे गोंदाने चिकटवायचे, पाणी दिलं की खड्यांवरून ओघळून जातं आणि घेणारा समजतो निचरा छान आहे. पाचव्या आठवड्यात रंग भुरकट झाला. नखाने साल खरवडली तर आत हिरवं नाही, कोरडं तपकिरी. उपसलं तर हातात काठी आली, टोक छाटणीच्या कात्रीने तिरकं कापलेलं.

आणि झाड जिवंत असतं तरी जुनिपर तंबूतला नव्हेच. त्याला उघड्यावरचं ऊन, वारा आणि थंडीतली विश्रांती लागते. पाइन, मेपल यांचंही तसंच. ‘इनडोअर जुनिपर’ असं कोणी म्हणालं की तिथून उठा. बोगनवेल आत जगेल, पण चौदा तास प्रकाशात पानंच वाढवत बसेल, फुलांसाठी तिला लहान दिवस लागतात.

मातीचं थोडक्यात. अकादामा ही जपानची ज्वालामुखीजन्य माती. तिचा दाणा भिजवून चिमटीत दाबला की लगदा होतो. माझ्याकडचा रात्रभर भिजवूनही फुटला नाही, पाणी मात्र विटकरी झालं. विटेचा चुरा, लिटरला ३०० रुपयांनी. विटेचा चुरा वाईट नाही, मी स्वतः वापरतो: ३ ते ६ मिलिमीटरचा चाळून, धूळ धुऊन निम्मा, उरलेल्यात जाड वाळू आणि कुजलेलं खत समसमान. पण तो फुकटात मिळतो.

कार्बन फिल्टर कशाला हवा होता? तो वास शोषायला असतो आणि बोन्सायला वास नसतो. तंबूचं आकारमान ३८ घनफूट. मिनिटाला एकदा हवा बदलली तरी पुष्कळ, त्याला संगणकातले १२ सेंटीमीटरचे दोन पंखे पुरतात. शिवाय आत एक छोटा पंखा फिरता ठेवा, नाहीतर पावसाळ्यात बुरशी, आणि उन्हाळ्यात कोरड्या हवेत लाल कोळी ही कीड. टायमर बॅटरीचा घ्या. साधा चाकाचा टायमर वीज गेली की तेवढा वेळ मागे पडतो, आणि आठवड्याभरात झाडांची रात्र भलत्याच वेळी होते.

या कार्बन फिल्टरने आणखी एक केलं, ते पुढे येतंच.

बँकेत गेलो. उत्तर: “पेमेंट तुम्हीच पिन टाकून केलंय, यात आम्ही काही करू शकत नाही.” ग्राहक तक्रारीसाठी फोन केला तर विक्रेत्याच्या कंपनीचं नाव विचारलं, त्याची कंपनीच नाही. एस्टिमेटवर जीएसटी क्रमांक होता, तो ०७ने सुरू होणारा. ०७ म्हणजे दिल्ली. महाराष्ट्राचा २७. दुकान पुण्यात असल्याचं सांगणाऱ्याचा क्रमांक दिल्लीचा कसा, हे मीही पैसे देताना पाहिलं नाही, मान्य. पण तो क्रमांक पाहून तरी कोणी काही करेल? मग पोलीस ठाण्यात गेलो. वॅटमीटरचे फोटो, दोन्ही स्टिकरांचे फोटो, तिन्ही पेमेंटच्या नोंदी, सगळं छापून नेलं. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्या दिवशी सांगितलं, वस्तू मिळाली आहे ना, मग ही दिवाणी बाब. मी म्हटलं, १०० वॅटवर १००० चं स्टिकर लावून विकणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेत ३१८ कलम आहे त्यासाठी. त्यावर त्यांनी तंबूचा फोटो हातात घेतला, फिल्टरवर बोट ठेवलं आणि विचारलं, “यात लावता काय तुम्ही?” बोन्साय म्हणालो. “बोन्सायला वासाचा फिल्टर?” शेजारचे दोघे फोटो बघायला उठले. अर्धा तास मी तक्रारदार नव्हतो, गांजा लावणारा संशयित होतो. घरी येऊन बघावं लागेल म्हणाले. या म्हटलं, आत्ता या. कोणी आलं नाही. तक्रार घेतली नाही, पोच दिली नाही, चौथ्या खेपेला अर्जावर शिक्का मिळाला तोही टपाल घेणाऱ्या बाईंनी दिला म्हणून. ४९,७५० रुपये त्यांच्या लेखी रक्कमच नव्हती. “लोकांचे कोटी जातात,” असं ऐकवलं. ज्याचे कोटी गेले त्यालाही हे असंच काहीतरी ऐकवत असतील.

तुम्ही तोंडी तक्रार करूच नका. लेखी अर्ज, दोन प्रती, एकीवर शिक्का. पैसे जाऊन माल आलाच नसेल तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. माल खोटा आला असेल तर ग्राहक आयोग: ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, अर्ज ऑनलाइन होतो, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येतो, मुदत दोन वर्षं. मी केला आहे. व्हॉट्सअॅपचं संभाषण पुसू नका, मी रागाच्या भरात निम्मं पुसलं आणि नेमकं ‘दोन वर्षं वॉरंटी’ त्यातच होतं.

त्याची जाहिरात अजून चालू आहे. फोटोत तोच जुनिपर, निळी कुंडी, डाव्या फांदीवर तारेचे दोन वेढे. तंबू ९,५०० चाच आहे. लाइट मात्र आता ‘१५०० वॅट’चा झाला आहे.