महागडा आय मेकअप गोव्याच्या हवेत किती टिकतो आणि कशासाठी पैसे मोजावेत

डोळ्यांच्या मेकअपवर दहापट पैसे घालावेत का, याचं उत्तर वस्तूगणिक वेगळं आहे. प्रायमर, म्हणजे रंगाच्या आधी पापणीवर लावायचा थर, आणि पापण्यांच्या मुळाशी ओढायची पेन्सिल महागातली घ्या. मस्काऱ्यात किंमत बघण्याआधी त्याचा प्रकार बघा. चमकीची आयशॅडो आणि लिक्विड आयलायनर यांवर जास्तीचा पैसा घालू नका, निदान गोव्यात राहत असाल तर नाहीच.

गोव्याचं नाव मुद्दाम घेतलं. कोरड्या हवेच्या गावात घाम येतो आणि उडून जातो. पणजी, मडगाव, म्हापशाला तो कातडीवरच बसून राहतो. वर स्कूटर, हेल्मेट आणि मांडवी पुलावरचा वारा. तरीही दुपारपर्यंत डोळ्यांखाली काळं उतरतं त्याचा मोठा दोष घामाचा नसतो, तेलाचा असतो. काजळ म्हणजे मेण आणि तेलात कालवलेला काळा रंग. पाण्यात तो विरघळत नाही, पण पापणीतून सुटणाऱ्या तेलात सहज विरघळतो. म्हणूनच ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं काजळ पावसात भिजूनही जागेवर राहतं आणि फोंड्याकडच्या एखाद्या देवळाच्या सभागृहात, होमाजवळ बसलेल्या नवरीच्या डोळ्यांखाली मात्र तासाभरात पसरतं. वॉटरप्रूफ आणि तेलाला दाद न देणारं, हे दोन वेगळे गुण आहेत. महागाच्या वस्तूत पैसे दुसऱ्या गुणाचे द्यायचे असतात. तो गुण तिच्यात नसेल तर उरलेली किंमत डबीची आणि नावाची.

पेन्सिलीत हा गुण कुठून येतो? स्वस्त काजळात मेण, वनस्पती तेल आणि रंग एवढंच असतं. ते कधीच पक्कं वाळत नाही, कायम मऊ राहतं. चांगल्या जेल पेन्सिलीत आयसोडोडेकेनसारखा उडून जाणारा द्रव असतो आणि त्यासोबत पातळ पापुद्रा धरणारं राळेसारखं द्रव्य. घटकांच्या यादीत ते ट्रायमिथाइलसिलॉक्सिसिलिकेट या लांबलचक नावाने दिसतं. रेघ ओढल्यावर तीसेक सेकंदांत द्रव उडतो आणि पापुद्रा बसतो. पसरवून धुरकट करायचं असेल तर त्या तीस सेकंदांतच करायचं. नंतर घासत बसलात तर रंग तुकड्यातुकड्यांनी निघतो आणि पेन्सिलीला उगाच नावं ठेवली जातात. आता मध्यम किमतीच्या काही पेन्सिलींतही हीच दोन द्रव्यं मिळतात, म्हणून किंमत वाचायच्या आधी यादी वाचा.

वजनाचा हिशेबही करून बघा. फिरवून वर काढायच्या बहुतेक स्वस्त काजळांत ०.३५ ग्रॅम माल असतो. लाकडी आवरणाच्या महागड्या पेन्सिलीत साधारण १.१ ते १.२ ग्रॅम. समजा पहिलं २०० रुपयांना आणि दुसरी २,००० रुपयांना मिळाली. पहिल्याचा ग्रॅम सुमारे ५७० रुपयांना पडला, १.२ ग्रॅमच्या दुसरीचा सुमारे १,६७० रुपयांना. दहापट वाटणारा फरक तिपटीच्या खाली आला. टोक काढण्यात लाकडी पेन्सिलीचा थोडा माल वाया जातो, तो धरला तरी तिपटीच्या फार वर जात नाही. मेच्या उकाड्यात टोक काढायच्या आधी पेन्सिल दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. नाहीतर तिचा मऊ गाभा शार्पनरमध्येच मोडतो.

पापणीच्या आतल्या ओल्या कडेला लावायचं असेल तर मात्र महागडी पेन्सिल घेऊ नका. तिथे अश्रूंची धार सतत वाहत असते, आणि डोळ्याचा ओलावा टिकवणारं तेल सोडणाऱ्या ग्रंथींची तोंडं त्याच कडेवर असतात. कुठल्याही किमतीचं काजळ तिथे काही तासांपलीकडे राहत नाही, उलट ग्रंथींची तोंडं बुजवून डोळे कोरडे करतं, टोचायला लावतं. लग्न किंवा फोटोपुरतं स्वस्तातलं लावा आणि रात्री पुसून टाका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी ती कड सोडूनच द्यावी. लेन्स मेकअपच्या आधी घालायची आणि मेकअप काढायच्या आधी काढायची, हा क्रम मोडू नये.

घरगुती, डबीतल्या काजळाबद्दल थोडंसं. त्याला जीएसटी माफ आहे, पेन्सिलीला लागतो, हेही ते स्वस्त पडण्याचं एक कारण. एरंडेल किंवा तुपावर धरलेल्या काजळीचं असेल तर रंग गडद येतो, पण पूर्ण तेलकट असल्याने आपल्या हवेत टिकत नाही. सुट्ट्या विकल्या जाणाऱ्या, घटक न लिहिलेल्या सुरम्यापासून दूर राहा. पारंपरिक सुरमा अनेकदा गॅलिना या शिशाच्या खनिजाचा असतो. आपल्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनांना रंग देण्यासाठी शिशाची संयुगं वापरायला बंदी आहे. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत तर यातलं काहीच घालू नये.

प्रायमर ही गोव्यात सगळ्यात उपयोगी पडणारी महाग वस्तू. तो पापणीचं तेल आणि रंग यांच्यामध्ये बसतो, त्यामुळे वरची शंभर-दोनशे रुपयांची आयशॅडोही संध्याकाळपर्यंत घडीत गोळा होत नाही. दहा मिलिलिटरच्या आसपासची नळी रोज वापरून सहा महिने सहज पुरते, कारण दोन्ही डोळ्यांना मिळून तांदळाच्या एका दाण्याएवढा पुरतो. इथेच सगळ्यात जास्त चुकतं. वाटाण्याएवढा घेतला की तो वाळतच नाही आणि स्वतःच घडीत जमतो. मग ‘एवढा महागाचा आणि तरी टिकला नाही’ अशी तक्रार येते. पापणी कोरडी हवी. आय क्रीम लावलं असेल तर वीसेक मिनिटं थांबा आणि जास्तीचं टिश्यूने टिपून घ्या. प्रायमर अनामिकेने थापटून बसवा, चोळू नका, मग मिनिटभर डोळे अर्धवट मिटून ठेवा. प्रायमरऐवजी कन्सीलर, म्हणजे डाग झाकायचं क्रीम, लावायची युक्ती थंड हवेत चालते. आपल्याकडे कन्सीलरमधलंच तेल घात करतं.

मस्काऱ्यात पैसे जपून घाला, कारण उघडल्यावर तीन महिन्यांनी तो टाकायचाच असतो. किंमत ४०० असो की ३,०००, ब्रश दर वेळी डोळ्याजवळचे जंतू घेऊन नळीत परत जातो आणि ओल्या, काळोख्या नळीत ते वाढतात. ब्रश आतबाहेर पंपासारखा हलवला की हवा शिरते आणि मस्कारा अजून लवकर घट्ट होतो. डोळे येऊन गेले असतील तर तीन महिन्यांची वाट बघू नका, त्याच दिवशी फेका. लेबलवर उघड्या डबीचं चित्र आणि ‘६एम’ (उघडल्यावर सहा महिने) असं दिसलं तरी मस्काऱ्याला तीनच महिने धरा.

मोठ्या नावांमागची मालकीही लक्षात घ्या. लोरियाल या कंपनीने लँकोम हा महागडा ब्रँड १९६४ मध्ये घेतला आणि मेबलिन हा स्वस्तातला १९९६ मध्ये. म्हणजे मॉलच्या काचेच्या काउंटरवरचा आणि औषधांच्या दुकानातला मस्कारा एकाच कंपनीचे असू शकतात. एकच कंपनी म्हणजे एकच फॉर्म्युला असं नाही, पण तीन हजारांत संशोधन वेगळं आणि चारशेत वेगळं, असंही नाही. पेन्सिली आणि आयशॅडोचंही तसंच. इटलीची इंटरकोस आणि जर्मनीची श्वान कॉस्मेटिक्स अशा कंपन्या अनेक ब्रँडसाठी माल बनवतात.

किमतीपेक्षा मस्काऱ्याचा प्रकार महत्त्वाचा. साधा मस्कारा मेणाचा असतो, तेलाला शरण जातो आणि डोळ्यांखाली उतरतो. वॉटरप्रूफ मस्कारा घाम आणि अश्रूंना टिकतो, पण काढताना पापण्यांच्या केसांची ओढाताण होते, त्यामुळे रोजच्या वापराला नको. तिसरा प्रकार ट्यूबिंग. त्यात प्रत्येक केसाभोवती ॲक्रिलेटसारख्या पॉलिमरची बारीक नळी वाळून बसते. तेल त्याला विरघळवू शकत नाही, म्हणून तो खाली पसरत नाही. कोमट पाण्यात कापूस भिजवून अर्धा मिनिट धरला की बारीक तुकड्यांत सुटून येतो. क्लिनिक (Clinique) या ब्रँडचा लॅश पॉवर मस्कारा याच जातीचा. डोळ्यांखाली काळं उतरण्याची ज्यांना रोजची अडचण आहे त्यांनी मस्काऱ्यावर जास्तीचे पैसे इथेच द्यावेत. मात्र केसांना मोठा फुलार हवा असेल तर हा प्रकार निराश करेल. तो लांबी देतो, जाडी कमी. शिवाय दुसरा हात पहिला पूर्ण सुकायच्या आत द्यावा लागतो, नाहीतर नळ्या मोडून गालावर काळे कण पडतात. लॅश कर्लर नेहमी मस्काऱ्याच्या आधी. वाळलेल्या मस्काऱ्यावर चिमटा लावला तर केस तुटतात.

आयशॅडोत चमकीची आणि मॅट, म्हणजे बिनचमकीची, यांचा विचार वेगवेगळा करा. चमक येते ती अभ्रकाच्या पातळ कपच्यांवर टायटॅनियम किंवा लोहाच्या ऑक्साइडचा थर दिलेल्या पावडरीतून. ती स्वस्तातही उत्तम मिळते. बोटाने थापटून लावली की दोनशेची आणि दोन हजारांची चमक एका हाताच्या अंतरावरून वेगळी ओळखता येत नाही. कोन बदलला की रंग बदलणाऱ्या खास छटा तेवढ्या खरोखर महाग असतात. मॅट मात्र करायला अवघड. रंग बारीक दळलेला हवा, कणांवर सिलिकॉनचा हलका लेप हवा, टाल्क किंवा इतर भराव कमी हवा. स्वस्त मॅट खडूसारखं वाटतं, गव्हाळ-सावळ्या कातडीवर राखाडी दिसतं आणि एकमेकांत मिसळताना डाग पडतात. तेव्हा चाळीस रंगांचं पॅलेट घेण्यापेक्षा आपल्या रंगाहून दोन छटा गडद असा एक तपकिरी आणि एक कोळशासारखा, असे दोनच सुटे मॅट रंग चांगल्या कंपनीचे घ्या. मॅक या ब्रँडचा एक सुटा रंग दीड ग्रॅमचा असतो, तो संपायला वर्षं जातात. पॅलेटमधले निळे-जांभळे चौकोन बहुतेकांच्या घरी कोरेच राहतात आणि पैसे त्यांचेही दिलेले असतात.

लिक्विड आयलायनर भारतात स्वस्तातच चांगलं मिळतं. बाटलीत बुडवायच्या बारीक ब्रशचं घ्या, वाळून पक्का पापुद्रा धरतं. पेनसारखं असेल तर टोक खाली करून किंवा आडवं ठेवा, कारण उभं ठेवलं तर शाई टोकापासून दूर जाते आणि महिन्याभरात रेघ फिकट येते. ब्रशही स्वस्त कृत्रिम केसांचे चालतात. पसरवायचा एक मऊ, भरगच्च ब्रश तेवढा बरा घ्या.

विकत घेण्याआधीची चाचणी. काउंटरवरचा टेस्टर डोळ्याला लावायचा नाही, कितीही आग्रह झाला तरी. हाताच्या मागच्या बाजूला रेघ ओढा, पूर्ण दोन मिनिटं थांबा. मग पाण्याचं बोट फिरवा आणि शेवटी खोबरेल तेलाचा एक थेंब टाकून हलकं चोळा. पर्समध्ये तेलाची छोटी कुपी न्यायला संकोचू नका. पाण्याला टिकून तेलाला जी पेन्सिल पसरते ती गोव्यात तुमच्या पापणीवरही पसरेल. रंग बघायला मात्र दुकानाच्या बाहेर उन्हात या. मग तुम्ही पणजीच्या १८ जून रस्त्यावर असा की पर्वरीच्या मॉलमध्ये, आतल्या पिवळ्या दिव्यांखाली तपकिरी रंग हमखास फसवतो.

नकली मालाची भीती खरी आहे, आणि ती महाग ब्रँडलाच जास्त. आयात केलेल्या डबीवर आयातदाराचं नाव-पत्ता, आयात नोंदणी क्रमांक, सर्व करांसह छापील किंमत आणि बॅच क्रमांक असायलाच हवेत. स्टिकर नसलेला, ‘दुबईहून आणलाय’ म्हणून अर्ध्या किमतीत मिळणारा पॅलेट बाजारात कुठेही दिसला तरी घेऊ नका. तो खरा असला तरी आधी किती दिवस कुठल्या उन्हात पडून होता हे कळायला मार्ग नसतो.

सांभाळणं हाही खर्चाचाच भाग. पावसाळ्यात ब्रशना बुरशी लागते, पावडरीवर पांढुरकी साय धरते. ओलं बोट किंवा ओला ब्रश पावडरीत घालू नका, डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा. ब्रश सौम्य शांपूने धुवून टोक खाली झुकवून पंख्याखाली वाळवा, उभे ठेवले तर पाणी पत्र्याच्या नळीत उतरतं आणि डिंक सुटतो. स्कूटरच्या डिकीत किंवा समुद्रावर उभ्या गाडीत पेन्सिल-मस्कारा ठेवले तर मेण वितळून पुन्हा गोठतं, दाणेदार होतं आणि मग महागडी वस्तूही स्वस्तासारखीच वागते. काढायला तेल-पाणी अशा दोन थरांचं रिमूव्हर हलवून कापसावर घ्या, बंद डोळ्यावर वीस-तीस सेकंद नुसतं धरा आणि मग खालच्या दिशेने एकदाच पुसा. याची मोठी बाटली स्वस्तातली चालते.