डाळिंबासाठी मायकोरायझा पावडर: घ्यावी का?
मायकोरायझा म्हणजे मुळांवर वाढणारी उपयोगी बुरशी. तिची पावडर सोलापुरात मार्केट यार्डाजवळच्या दुकानातून घेतली, नवीन डाळिंबाच्या रोपांना लावताना खड्ड्यात मुळाला चिकटेल अशी टाकली. आमची जमीन मुरमाड, पाणी कमी, त्यामुळे फरक दिसला तो मुळांमध्ये. एक मेलेलं रोप उपटून बघितलं तर बारीक पांढऱ्या मुळांना माती घट्ट धरून बसलेली, झटकली तरी सुटेना.

ही बुरशी झाडाकडून साखर घेते आणि बदल्यात लांबचा फॉस्फरस, पाणी ओढून देते. ती साखर म्हणजे हवेतलाच कार्बन ना, तोच जमिनीत जातो. २०२३ च्या एका अंदाजानुसार जगभरातली झाडं दरवर्षी या बुरशांना सुमारे १३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडएवढा कार्बन देतात! सगळाच कायमचा राहत नाही, पण जंगलात बराच टिकतो. स्वीडनमधल्या बेटांवरच्या जंगलात साठलेल्या कार्बनपैकी ५० ते ७० टक्के मुळं आणि त्यांच्यावरच्या बुरशीतून आल्याचं २०१३ साली दिसलं. आपल्या बागेत जंगलाएवढं होणार नाही हे खरं, पण मला हे फार मोलाचं वाटतं.

तक्रार एकच, पाकिटावरची तारीख पुसट होती आणि माहिती सगळी इंग्रजीत, शेतकऱ्यानं काय वाचायचं? जिवंत माल आहे, तारीख बघूनच घ्या, उन्हात ठेवू नका, डीएपी (फॉस्फरसचं रासायनिक खत) भरमसाठ टाकू नका आणि लगेच बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी ओतणं) तर अजिबात नको. पाचपैकी चार स्टार, पुढच्या लागवडीलाही हीच घेणार.