डिपस्टिकवरचं काळं ऑइल दाखवून घाबरवतात, सावध राहा

ज्यांच्या घरी आई-वडील एकटेच गाडी गॅरेजला नेतात, त्यांनी हे जरूर वाचा.

माझे बाबा नाशिकच्या एका गॅरेजमध्ये फक्त एसीचा गॅस भरायला गेले होते. तिथल्या पोराने न विचारताच बॉनेट उघडलं, डिपस्टिक (इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी) पांढऱ्या फडक्यावर पुसली आणि काळा डाग बाबांपुढे धरला. "काका, ऑइल पार जळालंय. असंच चालवाल तर इंजिन बसेल." बाबा घाबरले. बिल झालं सहा हजारांच्या वर. त्यात फुल्ली सिंथेटिक ऑइल 4 लिटर, नवा ऑइल फिल्टर, इंजिन फ्लश (इंजिन आतून धुवायचं द्रव्य). वर काचेवर स्टिकर, पुढचं ऑइल 5000 किमीला.

आमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये 10,000 किमी किंवा 1 वर्ष, जे आधी होईल ते, असं स्वच्छ लिहिलंय. त्यातलं निम्मंही झालं नव्हतं. धुळीचे रस्ते किंवा रोजच्या अगदी छोट्या फेऱ्या असतील तर लवकर बदला, हेही तिथेच दिलंय. बाबांची गाडी मात्र बहुतेक हायवेवरच असते. आणि ऑइल काळं होणारच! त्यातले डिटर्जंट काजळी आणि मळ धरून ठेवतात म्हणून ते काळं दिसतं. डिझेल गाडीत तर नवं ऑइल काही दिवसांतच काळं पडतं. नुसत्या रंगावरून ऑइल संपलं असं कुणी सांगत असेल तर तो तुम्हाला गिऱ्हाईक करतोय. सिंथेटिक ऑइल उष्णतेत जास्त टिकतं म्हणून त्याचे जादा पैसे घ्यायचे आणि बोलवायचं मात्र 5000 ला, याची मला जास्त चीड आली.

बिल बघून शंका आली. मॅन्युअलप्रमाणे फिल्टरसकट 3.1 लिटर ऑइल लागतं. मग उरलेलं गेलं कुठे? आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गाडी रॅम्पवर चढवली. तो फिल्टर बसवताना त्यावर मार्करने तारीख टाकतो. टॉर्च मारला तर धुळीखाली त्याच्याच अक्षरातली जुनी तारीख! फिल्टरला हातही लावला नव्हता. ऑइल खरंच सिंथेटिक होतं का, हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही, आणि हे लोक त्याचाच फायदा घेतात.

फिल्टरचे फोटो घेऊन त्या गॅरेजवर गेलो तेव्हा फिल्टरचे पैसे मुकाट्याने परत दिले. ऑइलचे डबे दाखवा म्हटलं तर "भंगारात गेले". राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार केली आहे.

सीलबंद डबा आपल्यासमोर फोडायला लावा. जुना फिल्टर हातात मागा. बिलावर कंपनी आणि 5W-30 वगैरे ग्रेड (ऑइल किती दाट-पातळ ते) लिहून घ्या. उरलेलं ऑइल घरी आणा आणि रिकाम्या डब्यांना तिथेच भोकं पाडा, कारण लेबल असलेला धड डबा बनावट ऑइल भरायला पुन्हा वापरला जातो.