समलिंगी शिक्षकाने नोकरी कुठे धरावी: झेडपीत की शहरातल्या खासगी शाळेत?

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून जिल्हा परिषदेत निवड झालीय आणि पुण्या-मुंबईच्या एखाद्या खासगी शाळेचंही बोलावणं आलंय, अशा पेचातल्या समलिंगी शिक्षकासाठी हे लिहितोय.

पगाराचं आधी उरकतो. झेडपीत पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, प्राथमिकला मानधन महिना 16,000 रुपये. बडी खासगी शाळा याहून जास्त देते.

खरा फरक नोकरी जाते कशी, यात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले आणि लैंगिक कलावरून भेदभाव करणं घटनेच्या कलम 15 च्या विरोधात आहे, हेही सांगितलं. पण ते कलम मुख्यतः सरकारला बांधतं. झेडपी म्हणजे सरकारच. कायम शिक्षकाला तिथे चौकशीशिवाय काढता येत नाही. मान्यताप्राप्त खासगी शाळेतल्या कायम शिक्षकालाही 1977 च्या कायद्याने 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणात दाद मागता येते. अकरा महिन्यांच्या करारावर असलात तर? कुणी पालक तुमचा फोटो ग्रुपवर टाकतो आणि एप्रिलमध्ये कळतं, ‘सर, पुढच्या वर्षी तुकडी कमी होतेय.’ खरं कारण कागदावर कुठेच येत नाही.

रोजचं जगणं मात्र उलटं. गावात मधल्या सुट्टीत खिचडी वाटपाची नोंद करत असताना मुख्याध्यापक मोबाइल पुढे धरतात: ‘मेव्हण्याची मुलगी आहे, डीएड झालीय, बघून तर घ्या.’ दर आठवड्याला नवं स्थळ. बदलीत पती-पत्नी एकत्रीकरणाचा लाभ तुमच्या जोडीदारासाठी नाही, कारण 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. शहरात नववीतली मुलंच मोकळेपणाने विचारतात, एखादी सहकारी जोडीदाराची नावानिशी चौकशी करते. याचं मोल मी कमी मानत नाही. मूळचे नागपूरचे प्रा. रामचंद्र सिरस अलीगढ विद्यापीठात मराठी शिकवायचे. समलिंगी संबंधावरून 2010 मध्ये त्यांना निलंबित केलं. उच्च न्यायालयाने निलंबन रोखलं, पण त्यानंतर काही दिवसांतच ते घरात मृतावस्थेत सापडले. कोर्टात जिंकूनही माणूस एकटा पडू शकतो.

एकटे असाल आणि गावात राहणं जमत असेल, तर झेडपी घ्या. कायम होईपर्यंत कुणाला काही सांगू नका. जोडीदारासोबत राहत असाल तर शहर निवडा, पण सही करण्याआधी नियुक्तीपत्रात परिवीक्षा (कायम होण्याआधीचा चाचणीचा काळ) किती वर्षांची आहे आणि शाळेच्या भेदभावविरोधी धोरणात ‘लैंगिक कल’ हे शब्द आहेत का, ते स्वतः वाचून घ्या.