बिटकॉइनची तीन टाइमलॉक: दीड वर्ष वापरल्यानंतर

माझी गरज साधी होती. मी आहे तोवर बिटकॉइनची चावी माझ्याच हातात राहावी आणि मी नसलो तर कोणाच्या मध्यस्थीशिवाय ते धाकट्या बहिणीला मिळावेत. त्यासाठी प्रोटोकॉलमधली तीन टाइमलॉक, म्हणजे ठरलेल्या वेळेआधी कॉइन खर्च होऊ न देणारी कुलपं, आधी सिग्नेटवर (सरावासाठीचं, बिनमोल कॉइनचं नेटवर्क) आणि मग खऱ्या नेटवर्कवर वापरली.

पहिलं एनलॉकटाइम. प्रत्येक व्यवहारात हा आकडा असतोच. त्याआधी तो व्यवहार ब्लॉकमध्ये, म्हणजे साखळीत साधारण दर दहा मिनिटांनी जोडल्या जाणाऱ्या व्यवहारांच्या गठ्ठ्यात, जाऊ शकत नाही. तो ५० कोटींच्या खाली असेल तर ब्लॉकचा क्रमांक, नाहीतर युनिक्स वेळेचे, म्हणजे १९७० च्या सुरुवातीपासून मोजलेले, सेकंद. बहिणीच्या पत्त्यावरचा व्यवहार सही करायचा, पुढच्या वर्षाचा ब्लॉक टाकायचा आणि तिच्याकडे देऊन ठेवायचा. अडचण अशी की हे कुलूप व्यवहाराला लागतं, कॉइनला नाही. मी मधे तेच कॉइन खर्च केले की तिच्याकडची फाइल निकामी. नंतर जमा झालेले कॉइन तिच्यात येतच नाहीत. फी सही करताना ठरते, वर्षानं ती पुरेल याची खात्री नाही.

शिवाय एक खोच आहे. सगळ्या इनपुटचा (व्यवहारात खर्च होणाऱ्या कॉइनच्या नोंदींचा) सीक्वेन्स, म्हणजे प्रत्येकासोबत लिहिलेला एक आकडा, कमाल आकड्यावर असेल तर नेटवर्क एनलॉकटाइमकडे बघतच नाही. मी वापरत होतो त्या वॉलेटनं नेमकं तेच भरलं होतं. १०० ब्लॉक थांबायला हवा होता तो व्यवहार पुढच्याच ब्लॉकमध्ये गेला. सिग्नेट होतं म्हणून निभावलं. वॉलेटनं अशा वेळी ठळक इशारा द्यायलाच हवा. तेव्हापासून सही करण्याआधी मी सीक्वेन्स स्वतः वाचतो.

दुसरं सीएलटीव्ही (चेकलॉकटाइमव्हेरिफाय), बिप ६५ या बिटकॉइन सुधारणा प्रस्तावातलं, डिसेंबर २०१५ मध्ये लागू झालेलं. हे कॉइनलाच लागतं. ‘मी केव्हाही, किंवा अमुक ब्लॉकनंतर बहीण’ अशी अट थेट स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कॉइन खर्च करण्याचे नियम सांगणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, लिहिता येते. काम चोख. पण तारीख ठोकून बसवलेली असते. ती जवळ आली की नवी स्क्रिप्ट, नवा पत्ता, नवा बॅकअप. दरवर्षी हे करणं माझ्याच्यानं होणार नाही.

म्हणून तिसऱ्यावर स्थिरावलो: सीएसव्ही (चेकसीक्वेन्सव्हेरिफाय), बिप ११२, जुलै २०१६ मध्ये लागू झालेलं. इथे मोजणी कॉइन ब्लॉकमध्ये आल्यापासून सुरू होते. मी ५२,५६० ब्लॉक ठेवलेत, म्हणजे दिवसाला १४४ धरले तर एक वर्ष. वर्षाच्या आत कॉइन त्याच स्क्रिप्टला परत पाठवले की मोजणी पुन्हा शून्यापासून. मी हयात आहे एवढं नेटवर्कला कळवायला तो एक व्यवहार पुरतो. कमाल मर्यादा ६५,५३५ ब्लॉकची, साधारण पंधरा महिने. सुरुवातीला ती तोकडी वाटली होती, आता बरी वाटते, कारण तिच्यामुळे वर्षातून एकदा बॅकअप उघडून तपासणं होतं.

बहिणीला दाखवायला सिग्नेटवर १० ब्लॉकचं कुलूप लावलं. "दादा, मी आत्ताच पाठवलं तर?" तिनं विचारलं. म्हटलं, पाठवून बघ. नोडनं (नियम तपासणाऱ्या नेटवर्कवरच्या संगणकानं) लगेच उत्तर दिलं: नॉन-बिप६८-फायनल, म्हणजे मुदत अजून झालेली नाही. दीड-दोन तासांनी, दहावं कन्फर्मेशन आल्यावर, म्हणजे कॉइनचा ब्लॉक धरून दहा ब्लॉक झाल्यावर, तोच व्यवहार एकही अक्षर न बदलता स्वीकारला गेला. माझ्या कुठल्याही समजावण्यापेक्षा तिला हे जास्त पटलं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट रचनेतली आहे. स्क्रिप्ट स्वतः घड्याळ बघतच नाही. ती फक्त व्यवहारात लिहिलेला आकडा पुरेसा आहे का ते तपासते, आणि ती वेळ खरोखर झाली का हे ब्लॉकचे नियम बघतात. त्यामुळे एकदा वैध झालेला व्यवहार नुसता वेळ गेला म्हणून अवैध ठरत नाही, आणि साखळीचं टोक बदललं, म्हणजे शेवटचे काही ब्लॉक बदलले गेले, तरी त्यावर पुढे उभे राहिलेले व्यवहार मुदत संपली म्हणून कोसळत नाहीत. याची किंमत अशी की ‘अमुक वेळेआधी नाही’ असं कुलूप मिळतं, ‘अमुक वेळेनंतर नाही’ असं मिळत नाही. वर्ष उलटलं तरी माझी चावी चालूच राहते, बहिणीची तिच्या जोडीला येते. मला ही किंमत मान्य आहे.

तारखेवर आधारलेलं कुलूप घेणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की नेटवर्क मागच्या ११ ब्लॉकच्या वेळांमधली मधली वेळ धरतं, त्यामुळे ते साधारण तासभर उशिरा उघडतं.

तक्रारी दोन. मोजणी प्रत्येक कॉइनची वेगळी असते. मी थोडे थोडे जमा करत गेलो, त्यामुळे नूतनीकरणाला पंधरा इनपुट झाले आणि फी त्या प्रमाणात चढली. आता मोठी रक्कम साठली की मगच या पत्त्यावर टाकतो. दुसरी तक्रार जास्त गंभीर: बहिणीकडे नुसते बीजशब्द (चावी पुन्हा तयार करून देणारे शब्द) असून भागत नाही, स्क्रिप्टचं वर्णन करणारा डिस्क्रिप्टरही लागतो. तो हरवला तर चावी असून कॉइन सापडत नाहीत. बऱ्याच मार्गदर्शिका हे शेवटच्या ओळीत उरकतात. मी डिस्क्रिप्टर तीन ठिकाणी छापून ठेवलाय, आणि यंदाच्या नूतनीकरणाआधी बहिणीनं माझ्या मदतीशिवाय एका कोऱ्या संगणकावर त्यातून वॉलेट उभं करून दाखवलं.