सॅन होजे शार्क्सचे सीझन तिकीट: तीन हंगामांनंतरचा अभिप्राय

सॅन होजे शार्क्स या कॅलिफोर्नियातल्या आइस हॉकी संघाचे सीझन तिकीट मी २०२२-२३ च्या हंगामापासून, म्हणजे माइक ग्रिअर यांनी जनरल मॅनेजरपदाची (खेळाडू आणायचे-सोडायचे निर्णय घेणाऱ्या पदाची) सूत्रे हाती घेतली तेव्हापासून घेत आले आहे. त्यामुळे हा अभिप्राय संघाच्या घरच्या सभागृहातल्या, म्हणजे एसएपी सेंटरमधल्या, खुर्चीपेक्षा त्यांच्या कामाविषयीच अधिक आहे. तिकिटात दर हंगामाचे घरचे साखळी सामने मिळतात. संघाने या तीन हंगामांत अनुक्रमे ६०, ४७ आणि ५२ गुण मिळवले आणि त्यांपैकी शेवटच्या दोन हंगामांत तो ३२ संघांच्या एनएचएल या उत्तर अमेरिकी लीगमध्ये तळाला राहिला.

सभागृहाबद्दल तक्रार नाही. छतावरून खाली उतरणाऱ्या त्या प्रचंड शार्कच्या जबड्यातून, धुराच्या लोटातून खेळाडू एकेक करून बर्फावर येतात, तेव्हा गुणतक्त्याचा क्षणभर विसर पडतो.

मात्र नोव्हेंबर २०२३ मध्ये तो विसर फार वेळ टिकत नव्हता. दोन तारखेला व्हँकुव्हरने आणि चार तारखेला पिट्सबर्गने, दोघांनीही याच बर्फावर आमच्यावर प्रत्येकी दहा गोल चढवले. आमचा बचावपटू गोलच्या पाठीमागे, मैदानाच्या कडेच्या फळीजवळ पक (खेळायची रबरी चकती) ताब्यात घेई, मान वर करी, पास द्यायला कोणीच मोकळे नाही असे पाहून तो तसाच कडेच्या काचेवर आदळवून आमच्या भागातून बाहेर ढकलून देई, आणि पुढच्या चार-पाच सेकंदांत पक पुन्हा आमच्याच गोलसमोर येई. पहिल्या अकरा सामन्यांत एकही विजय नव्हता. सात तारखेला फिलाडेल्फियाला २-१ असे हरवले, तेव्हा शेवटची दोन मिनिटे मी बसू शकले नाही.

अशा वेळी धीर धरायचा तो कशाच्या बळावर? माझ्या मते निकालांकडे न पाहता व्यवहारांकडे पाहावे. आधीचे जनरल मॅनेजर डग विल्सन यांच्या दीर्घ कारकिर्दीच्या अखेरीस संघाकडे मोठ्या रकमांचे लांब मुदतीचे करार होते, आणि सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा, असलेल्या लीगमध्ये असे करार संघाचे हातपाय बांधून टाकतात. एरिक कार्लसनने २०२२-२३ मध्ये १०१ गुणांची (खेळाडूचे गुण म्हणजे त्याचे गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलला कारण ठरलेले पास) असामान्य कामगिरी केली आणि त्याची किंमत सर्वाधिक असतानाच, ऑगस्ट २०२३ मध्ये, ग्रिअर यांनी त्याला पिट्सबर्गला दिले. त्या वेळी हाती फारसे काही आले नाही असेच मलाही वाटले. परंतु त्या व्यवहारात मिळालेली ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडप्रक्रियेतली, पहिल्या फेरीची निवड पुढे वरच्या क्रमांकासाठी वापरली गेली आणि २०२४ मध्ये अकराव्या क्रमांकावर सॅम डिकिन्सन हा बचावपटू आला. त्याच व्यवहारातून आलेला मिकाएल ग्रानलुंड दीड हंगाम उत्तम खेळला आणि नंतर डॅलसकडून आणखी एक पहिल्या फेरीची निवड मिळवून देऊन गेला. एका सौद्याची खरी किंमत कळायला दोन वर्षे लागली.

टोमास हर्टलच्या बाबतीत मात्र मला आजही चुटपुट लागते. अकरा हंगाम आमच्यासाठी खेळलेला, सगळ्यांचा लाडका खेळाडू ८ मार्च २०२४ रोजी, तोही दुखापतीतून सावरत असताना, आमच्याच विभागातल्या व्हेगसकडे गेला. त्याच्या बदल्यात मिळालेली निवड आणि तरुण डेव्हिड एडस्ट्रॉम हे दोन्ही पुढे नॅशव्हिलला देऊन यारोस्लाव्ह अस्कारोव्ह हा गोलरक्षक आणला गेला. हिशेब पटतो, पण हर्टलची जर्सी कपाटात पाहिली की वाईट वाटते, आणि धीर धरणाऱ्या चाहत्याने हे वाईट वाटणे लपवावे असे मला वाटत नाही.

२०२४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या मॅकलिन सेलेब्रिनीचे श्रेय मी ग्रिअर यांना देणार नाही, कारण पहिली निवड कोणाची हे ठरवणारी लॉटरी हा नशिबाचा भाग होता. तळाच्या संघालाही पहिली निवड मिळण्याची शक्यता जेमतेम एक चतुर्थांश असते. १० ऑक्टोबर २०२४ ला सेंट लुईसविरुद्धच्या पदार्पणात त्याने एक गोल आणि एक असिस्ट नोंदवला. आम्ही तो सामना अतिरिक्त वेळेत ५-४ असा गमावला, तरी घरी परतताना कोणाचाही चेहरा पडलेला नव्हता. श्रेय द्यायचे ते त्याच्या अवतीभवती उभ्या केलेल्या संघाचे: टायलर टोफोलीसारखा अनुभवी खेळाडू त्याच उन्हाळ्यात आणला गेला आणि त्याने ३० गोल केले. माझा आक्षेप असा की असा आधार एक वर्ष आधी द्यायला हवा होता. हरण्याचीही सवय लागते, आणि २०२३-२४ मध्ये तरुण खेळाडूंना ती लागू नये याची पुरेशी काळजी घेतली गेली नाही.

दर आठवड्याला विजय हवा असेल त्यांनी सध्या सीझन तिकिटाऐवजी सुटे सामने निवडावेत. मी पुढच्या हंगामाचे तिकीट पुन्हा घेत आहे, फक्त जागा बदलून. सामन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या सत्रात आमचा संघ ज्या बाजूच्या गोलचे रक्षण करतो त्या बाजूची, निळ्या रेषेच्या (जिथून बचावाचा भाग सुरू होतो त्या रेषेच्या) थोडी वरची जागा मी मागितली आहे. पाठीमागच्या फळीजवळ पक घेऊन मान वर करणाऱ्या बचावपटूला आता समोर कोण मोकळे दिसते, ते मला तिथून पाहायचे आहे.