ट्रेकिंग स्टोव्हचे आठ महिने, आणि रात्रीत गेलेला ९ ग्रॅम गॅस

परवा सकाळी वही उघडली तर गॅसच्या डब्याचं वजन ३२१ ग्रॅम लिहिलेलं आणि काट्यावर ३१२. मधे चहा नाही, पाणी नाही, काही नाही. बर्नर डब्यावर बसवून रात्रभर गॅलरीत ठेवला होता एवढंच. साबणाचा फेस लावून बघितला, तर बर्नर जिथं डब्यावर फिरवून बसतो त्या आट्यापाशी बारीक बुडबुडे येत होते, बर्नरचं बटण पूर्ण बंद असताना.

वहीचं सांगतो. डबा आणल्यापासून प्रत्येक उकळीच्या आधी आणि नंतर किचनच्या काट्यावर वजन करून लिहितो, बाहेर गेलो तरी काटा गाडीत असतो. हा आट्यांचा, २३० ग्रॅम गॅसचा डबा मला ४५० ला पडला, म्हणजे ग्रॅमला जवळपास दोन रुपये, घरच्या सिलिंडरमधला ग्रॅम दहा पैशालासुद्धा पडत नाही. त्यामुळं ९ ग्रॅम उगाच गेले की माझा जीव तुटतो, आणि गॅलरीऐवजी बंद खोलीत असता तर काय झालं असतं हा विचार वेगळाच.

कारण काय तर आतली ओ-रिंग, आपण वायसर म्हणतो ती, चपटी होऊन तिला चीर गेलेली. ज्यांच्याकडून ऑनलाइन घेतला त्यांना फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं वॉरंटी सहा महिन्यांची होती, नवीन घ्या. मी म्हटलं स्टोव्ह चांगला आहे, फक्त रिंग द्या, पैसे देतो. तर म्हणे स्पेअर मिळत नाही. चार वेळा फोन केला, चारी वेळा वेगळा माणूस आणि पहिल्यापासून सगळं परत सांगायचं. अठराशे रुपयांची वस्तू एवढ्याशा रबरासाठी भंगारात टाका असं कसं कोणी सांगू शकतं? कुठलाही स्टोव्ह घेताना वजन, वॅट वगैरे नंतर विचारा, आधी रिंग सुटी मिळते का विचारा.

आता भांड्याचं. सुरुवातीला मी वजनाच्या मागे लागून टायटॅनियमचा ७५० मिलीचा उभा मग घेतला, १०० ग्रॅमचा, २८०० ला. पहिले दोन महिने मी स्टोव्हलाच शिव्या देत होतो की गॅस खातो. अर्धा लिटर पाणी उकळायला ११ ग्रॅम जायचा, आणि कागदावर हिशोब केला तर सगळी आग पाण्यात गेली तर साडेतीन-चार ग्रॅमला काम व्हायला पाहिजे. मग एकदा अंधारात बघितलं तेव्हा कळलं, मगाचा बुडखा अरुंद आणि ज्योत बाजूनं वर निघून चाललीय, हँडलसुद्धा तापतंय. नंतर ९०० रुपयांचं हार्ड अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमचं पसरट भांडं घेतलं, झाकण लावलं, ज्योत बुडाच्या आतच राहील इतकी बारीक ठेवली, तर ७ ग्रॅम. स्टोव्ह तोच. तेव्हा स्टोव्हबद्दल आधी जे बोललो ते मागे घेतो.

आता कोणी म्हणेल भांडं १९० ग्रॅमचं आहे, ९० ग्रॅम जास्त. बरोबर आहे. दोन दिवसांच्या ट्रेकला आठ उकळ्या धरल्या तर ३२ ग्रॅम गॅस वाचतो, म्हणजे पाठीवरच्या वजनात मगच जिंकतो. पण खिशाचं बघितलं तर भांडं, आणि मी खिशाचंच बघतो. शिवाय टायटॅनियममध्ये मॅगी, उपमा केला की मधेच करपतं, कारण उष्णता पसरवण्यात ते अ‍ॅल्युमिनियमच्या दहावा हिस्सासुद्धा नाही. फक्त पाणी उकळणार असाल तर त्यानं फरक पडत नाही.

वारा मात्र सगळा हिशोब बिघडवतो. थंडीत सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर बदकं बघायला जातो तिथं पहाटे उघड्यावर चहा ठेवला, तेच भांडं, तेच झाकण, तरी १६ ग्रॅम. मित्र म्हणाला, "का बे, पत्र्यानं चारी बाजूनी झाक की." ते अजिबात करू नका! डबा बर्नरच्या खालीच असतो, आतल्या आत तापून फुटू शकतो. मी गाडीच्या आडोशाला बसतो, एका बाजूला सॅक उभी करतो आणि मधे मधे डब्याला हात लावून बघतो. तंबूच्या आत तर पेटवायचाच नाही. आणि उन्हाळ्यात डबा गाडीत ठेवू नका, डब्यावर ५० अंशांची मर्यादा लिहिलेली असते आणि आपल्याकडं सावलीतच ४३ होतात.

अ‍ॅडॉप्टर लावून केटरिंगवाल्यांचे लांबडे ब्युटेनचे डबे पण वापरले, १८० ला मिळतात. ब्युटेन शून्याच्या आसपास गॅस व्हायचं थांबतं, पण सोलापूरच्या थंडीत तो प्रश्नच येत नाही, म्हणून इथं महागाचा, प्रोपेन मिसळलेला मिक्स गॅस कशाला घ्यायचा. फक्त डबा आडवा ठेवताना कडेची खाच वर पाहिजे, नाहीतर द्रवरूप गॅस बाहेर येऊन मोठा भडका होतो. घरच्या सिलिंडरमधून भरून घे असं दोघांनी सांगितलं, ते मी करणार नाही, त्यात प्रोपेनही असतो, दाब जास्त, हे लांबडे डबे त्यासाठी बनवलेलेच नाहीत.

सह्याद्रीत जायचं तर आपल्याला हुतात्मा एक्स्प्रेसनं पुणे गाठावं लागतं आणि रेल्वेत गॅसचा डबा न्यायला बंदी आहे, १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मी बर्नर आणि भांडं इथून नेतो, डबा पुण्यात घेतो.

रिंग शेवटी अक्कलकोट रोडला एमआयडीसीजवळ हायड्रॉलिक पाइपवाल्याकडं मिळाली. जुनी दाखवली, गॅससाठी पाहिजे म्हटलं. साधं रबर गॅसनं फुगतं म्हणून त्यांनी स्वतःच नायट्राइलची काढून दिली, जुनीशी माप जुळवून बघितलं, तीन नग दहा रुपयांना. घरी फेस लावून बघितला, एक बुडबुडा नाही. तरी खात्रीसाठी काल बर्नर लावून डबा गच्चीवर मोकळ्या हवेत ठेवला. रात्री ३०५, सकाळी सहाला ३०५.